संकल्पासाठी पाठवलेला आवाज

आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये खालच्या मजल्यावरच्या ताई म्हणजे माझं दिल्लीतलं माहेर. मेतकूट संपलं की मी खाली, विरजण संपलं की त्या वर. छातीत गाठ लागली तेव्हा मी आधी त्यांनाच सांगितलं. समोर बसून सांगवेना, म्हणून फोनवर आवाज रेकॉर्ड करून पाठवला. बोलता बोलता रडले. शेवटी बजावलं, रिपोर्ट येईपर्यंत आईला कळता कामा नये. तिच्या हृदयाचं ऑपरेशन नुकतंच झालंय.

"बिल्कुल नाही कळणार," असं त्यांचं उत्तर आलं.

आम्हा मराठी बायकांचा अथर्वशीर्षाचा ग्रुप आहे. कुणी आजारी पडलं की प्रत्येकीनं आपापल्या घरी आवर्तनं करायची. आधी संकल्प सोडायचा: नाव, गोत्र आणि कारण सांगून. माझं नाव-गोत्र ताईंनी व्यवस्थित लिहिलं. कारण लिहायचा कंटाळा आला असावा, म्हणून माझा आवाजच ग्रुपवर ढकलून दिला. रडण्यासकट, आणि 'आईला कळता कामा नये' यासकट!

ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत फोन उघडला तर हात जोडलेल्या चित्रांची रांग लागलेली. तिथूनच ताईंना फोन लावला आणि ते आधी काढा म्हटलं. घरी परतताना आधी खालचीच बेल दाबली.

"अगं, तुझ्या भल्यासाठीच केलं ना यार!" ताई म्हणाल्या. "आणि तू फोन केल्यावर लगेच डिलीट पण केलं. ग्रुपमध्ये परकं कोण आहे? सगळ्या घरच्याच."

घरच्याच! त्या घरच्यांपैकी एकीची बहीण नाशकात माझ्या आईच्या भजनी मंडळात होती; डिलीट होण्याआधीच माझा आवाज तिच्या फोनवर पोचला होता. दिवा लावायच्या वेळेला आईचा फोन आला.

"किती रडलीस गं," ती म्हणाली. "अख्ख्या दिल्लीला सांगितलंस. मला तेवढं नाही."

मी सांगितलं नव्हतं, हे तिला कसं पटवणार? आवाज तर माझाच होता.

रिपोर्ट चांगला आला. आवर्तनांचं फळ म्हणून ताईंनी जिन्यात पेढे वाटले. माझा पेढा मी घेतला नाही. पण रिपोर्ट हातात पडताच, नवऱ्याच्याही आधी, आईला फोन लावला होता आणि म्हटलं होतं, "आई, काही नाही निघालं. साधी गाठ आहे."

"खरं सांगतेयस ना?" आईनं विचारलं. "की हेही मला दुसऱ्या कुणाच्या फोनवर ऐकावं लागेल?"