दोन बटनांचा कायदा

आमदारांच्या औरंगपुऱ्यातल्या कार्यालयात मी लोकांची गाऱ्हाणी लिहून घेतो. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी, म्हणून हे काम मिळालं. लोक नळ मागतात, रस्ता मागतात. एक जण मात्र कायदा मागायला आला होता. पन्नाशीचा, वाळूजच्या कारखान्यात पत्रा दाबून कापणाऱ्या प्रेसवर काम करणारा, बोलताना स्वतःचं मनगट चोळत राहणारा.

प्रेसला दोन बटनं असतात. दोन्ही हातांनी दाबली तरच ती खाली येते, म्हणून हात आत सापडत नाही. पण माल जास्त निघावा म्हणून कामगार एका बटनात लाकडाची खुंटी ठोकतात; ते दाबलेलंच राहतं आणि एक हात मोकळा होतो.

"ठोकणारा अन् ठोकू देणारा, दोघांना शिक्षा पायजे," तो म्हणाला.

"कारखानदार विरोध करतील, काका. दुसऱ्या राज्यात जातो म्हणतील."

"ते म्हणतीलच. ठेकेदार बी ओरडंल. पण पयले आमचेच लोक शिव्या घालतील. माल कमी निघाला की घरी बसवतेत ना."

"तुम्हीपण खुंटी ठोकायचात?"

"व्हय. धाकट्या भावाला मीच शिकवलं. त्याचा उजवा हात गेला."

"मग त्याला तरी कायदा पटला असेल," मी म्हणालो.

"नाय. त्याचाच लई विरोध. डाव्या हातानं जेवायची लाज वाटती त्याला, म्हणून मीच भरवतो. घास घेता घेता म्हणतो, दादा, ठोकणाऱ्याला शिक्षा नको लिवू. तुला व्हईल."

मी लिहिलेलं त्यानं परत वाचायला लावलं. ठोकणाऱ्याच्या शिक्षेच्या वाक्याशी मी थांबलो.

"ऱ्हाऊ द्या तसंच," म्हणत तो उठला.