अप्पांनी बांधलेली झोळी

आई गेली तेव्हा मला सातवा महिना होता. सकाळी तिनं भाकरी केल्या, अप्पांना चहा दिला, अंगणातल्या तारेवर लुगडं वाळत घातलं आणि उंबऱ्याशी येऊन बसली. ती उठली नाही.

मी तेव्हा बीडला, आमच्या भाड्याच्या खोल्यांत होते. माहेरी, पालीला पोचले तोवर अंगण माणसांनी भरलं होतं. पोटुशी बाईनं गेलेलं माणूस पाहू नये, अशी आमच्याकडची रीत. आत्यानं, म्हणजे अप्पांच्या धाकट्या बहिणीनं, फाटकातच माझा दंड धरला आणि मला शेजारच्या घरात नेऊन बसवलं. मी शिकलेली, कॉलेजच्या ग्रंथालयात काम करणारी. पण उठून दोन घरांमधली बोळ ओलांडायचं बळ त्या दिवशी माझ्यात नव्हतं. भिंतीला टेकून मी आवाज ऐकत राहिले. तिरडी निघाल्याचं मला नुसत्या आवाजावरून कळलं.

त्या खोलीच्या खिडकीतून आमच्या अंगणातली तार दिसायची. तारेवर आईचं लुगडं होतं, धुऊन धुऊन रंग गेलेलं, काठ तेवढा हिरवा राहिलेलं. दिवसभर ते तसंच उन्हात होतं. कुणाच्या ध्यानातच आलं नाही. संध्याकाळी नदीवरून परत आल्यावर अप्पांनी ते काढलं आणि घडी घालायला लागले. अप्पांनी आयुष्यात कपड्याची घडी घातली नव्हती. टोकाला टोक जुळेना. मग त्यांनी ते तसंच गोळा करून छातीशी धरलं आणि आत गेले.

तेराव्याला आईची बाकीची लुगडी नात्यातल्या बायकांना वाटली. हे एक अप्पांनी पेटीत ठेवलं. एकदा ते बाहेर गेले असताना मी पेटी उघडून ते नाकाशी धरलं. साबणाचा आणि उन्हाचा वास आला. आईचा नव्हता. मी ते होतं तसं ठेवून दिलं आणि कुणाला बोलले नाही.

मला दिवस गेल्याचं सांगितलं तेव्हा आई म्हणाली होती, "नोकरी सोडायची न्हाई. लेकरू मी सांभाळीन. मी हाय की." ती चौथीपर्यंत शिकलेली. एकदा माझं ग्रंथालय बघायला आली होती. कपाटांवरून नजर फिरवत म्हणाली, "येवढी समदी तुझ्या ताब्यात?" तेव्हापासून रोज संध्याकाळी फोनवर विचारायची, आज कुणी काय नेलं वाचायला. पुस्तकाचं नाव सांगितलं की "बरं" म्हणायची, जणू तिनंच ते काढून दिलं होतं.

पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं. माहेरात आता अप्पा एकटे होते. सासूबाईंच्या हाती अंथरुणाला खिळलेले सासरे. नवरा पुण्याकडे कंपनीत, एखाद्या शनिवारी येणारा. "बीडला बाई ठेवू," तो म्हणाला. अप्पा म्हणाले, "बाळंतपण इथंच व्हईल." कसं होईल ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. तलवाड्याहून आत्या आली, येताना डिंक, खोबरं आणि शेगडी घेऊन. मुलगी झाली. आत्यानं तिला मालिश केलं, ओव्याची धुरी दिली, मला लाडू खाऊ घातले. सगळं ती रागावूनच करायची. तिचं रागावणं मला बरं वाटायचं. घरात कुणीतरी मोठ्यानं बोलत होतं.

भांडण झालं ते झोळीवरून. बाराव्या दिवशी अप्पांनी पेटीतून आईचं लुगडं काढलं आणि आढ्याच्या कडीला झोळी बांधायला घेतली.

"दादा, ते नगं," आत्या म्हणाली. "गेलेल्या माणसाचं कापड लेकराला लावत न्हाईत."

"लेकराला जुनंच कापड लागतं. मऊ हाय."

"जुनं म्हंजी जित्या माणसाचं. जग काय म्हणंल?"

"जग झोळीत बसणार हाय का?" अप्पा म्हणाले आणि गाठ आवळली.

मी अप्पांच्या बाजूनं होते. असल्या समजुतींवर माझा विश्वास नव्हता. शिवाय मी शेवटचं न पाहिलेली आई त्या कापडातून माझ्या लेकीला थोडी मिळेल असं मला वाटत होतं. याला समजूतच म्हणायचं, पण तेव्हा तसं दिसलं नाही.

कापूस वेचायला आला तशी आत्या तलवाड्याला गेली. लेकीजवळ मी असायचे, त्यामुळे झोळीत निजली काय आणि मांडीवर निजली काय, फरक पडत नव्हता. फरक पडायची वेळ रजा संपत आली तेव्हा आली. माझी नेमणूक दरवर्षी नव्यानं होणारी. रजा वाढवून मागितली तर जागेवर दुसरं माणूस घ्यावं लागेल, हे प्राचार्यांनी चांगल्या शब्दांत सांगून ठेवलं होतं. मी बीडच्या खोल्या सोडून पालीलाच राहायला आले होते. लेकीला अप्पा सांभाळणार, मी सकाळी दूध काढून ठेवणार, अप्पा ते वाटी-चमच्यानं पाजणार, असं ठरलं होतं. एवढंच होतं की लेक चमच्यानं पीत नव्हती.

चमचा ओठाला लागला की ती तोंड मिटून मान फिरवायची. दूध गळ्याच्या घडीत जायचं. अप्पा एसटीत कंडक्टर होते. ते म्हणायचे, "ही तिकीट काढाया तयार न्हाई. आन् गाडीतून उतरतबी न्हाई." त्यांना अंगाई येत नव्हती. ते झोळीची दोरी ओढत आपल्या जुन्या मार्गावरचे थांबे म्हणायचे. पाली, मांजरसुंबा, नेकनूर, केज, अंबाजोगाई, परळी, धर्मापुरी. प्रत्येक थांब्याला तोंडानं टिंग टिंग. मी जवळ असले की केज यायच्या आत लेक झोपी जायची.

मी कामावर जाऊ लागले. सकाळी मिळेल त्या गाडीनं बीड, आणि दुपार टळली की परत. अभ्यासिकेत पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं खाली मान घालून वाचत बसलेली असत. त्या शांततेत मी पुस्तकांवर शिक्के मारायचे आणि छाती भरून यायची. बाहेर कुणाचंही मूल रडलं की ब्लाउज ओला व्हायचा. मी पदर पुढून ओढून घ्यायचे आणि घड्याळाकडे पाहायचं टाळायचे. घरी पोचले की लेकीचा रडून रडून आवाज बसलेला असायचा. अप्पा तिला खांद्यावर टाकून अंगणात फेऱ्या घालत असायचे. वाटीतलं दूध तसंच. मला बघितलं की ते तिला माझ्याकडे द्यायचे आणि हात झटकून मुंग्या घालवायचे.

आत्याचा फोन रोज यायचा. अप्पा तो स्पीकरवर ठेवायचे, कारण हातात लेक असायची.

"पिलं का लेकरू?"

"न्हाई."

"झोळी कशाची हाय?"

अप्पांनी लेकीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"मी काय इचारते? कशाची हाय?"

"कापडाची हाय."

"दादा, तुमी येडे हाव का? वहिनीचा जीव तुमच्यात गुतलेला. ती वढती तिकडून. लेकरू पील कावून मग?"

"तिनं जित्तेपणी कुणाला वढलं न्हाई," अप्पा म्हणाले, "आता काय वढती. ठिव फोन."

मी हसले, पण ते शब्द माझ्याबरोबर बीडला आले. आई ओढत असेल असं मला वाटलं नाही. मला लागलं ते दुसरंच. तिनं सांभाळीन म्हटलं होतं, तिच्याच लुगड्यात माझी लेक कळवळून रडत होती, आणि ते लुगडं काढा असं अप्पांना म्हणायची मला हिंमत होत नव्हती. नवरा फोनवर म्हणाला, "वर्षभर घरीच राहा. नोकरी काय, पुन्हा बघू." तो चांगल्या मनानंच म्हणाला होता. पुन्हा बघायला काही राहणार नाही हे मला माहीत होतं. तरी मी मनाशी ठरवलं की येत्या सोमवारी प्राचार्यांना सांगून टाकायचं.

त्या आठवड्यात आभाळ आलं होतं. थंडी होती आणि ऊन नव्हतं. एके दिवशी घरी आले तर लेक शांत खेळत होती. स्वतःची मूठ चोखत, अप्पांच्या मांडीवर.

"पिली," अप्पा म्हणाले.

"कशी?"

"कशी म्हंजी? तोंडानं. भूक लागली असंल."

वाटी रिकामी होती. मी ती धुतली, पुसली, पुन्हा बघितली. दुसऱ्या दिवशी मात्र मी फाटकाशी पोचायच्या आधीच तिचं रडणं ऐकू आलं. वाटी भरलेली. अप्पा माझ्या नजरेला नजर देत नव्हते. मला वाटलं, दमले असतील. त्यांचं वय झालंय, आपण त्यांच्यावर फार टाकलं. सोमवारचं माझं पक्कं झालं.

रविवारी सकाळी मी अंगणात लेकीला घेऊन बसले होते. अप्पा येऊन समोरच्या दगडावर बसले. बराच वेळ त्यांनी चपलेनं माती सारखी केली.

"परवा ती पिली ना," ते म्हणाले, "त्या दिशी झोळी तुझ्या साडीची व्हती."

"माझ्या?"

"लुगडं हिनं खराब केलं व्हतं. धुतलं, पर आभाळामुळं वाळंना. तुझी आदल्या दिशीची साडी खुंटीवर व्हती, बिनधुतलेली. म्हणलं बांधू आजच्या दिस. बांधली. नेकनूर यायच्या आत निजली. उठली, तशीच त्यात पडल्या पडल्या वाटीभर पिली."

"मग काल?"

"काल लुगडं वाळलं व्हतं."

ते पुढे म्हणाले, "म्हणलं, एका दिसाचं काय धरायचं. पुन्हा लुगडं लावून बघू. लई रडली. माझ्यामुळं रडली ती काल."

"अप्पा, मग लुगडं कावून बांधलं पुन्हा?" त्यांच्याशी बोलताना माझ्या तोंडात त्यांचेच शब्द येतात.

"तुझी माय म्हणली व्हती ना, लेकरू मी सांभाळीन. तिचं तेवढं तरी व्हईल म्हणलं." त्यांनी पुन्हा चपलेनं माती सारखी केली. "त्याला वास न्हाई तिचा. मी बघितलंय."

"मीपण बघितलंय," मी म्हटलं.

त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. आई गेल्यापासून आम्ही दोघं तिच्याबद्दल पहिल्यांदा एवढं बोललो होतो. लेक माझ्या पदराचं टोक तोंडात घालून चघळत होती. तिनं आजीला पाहिलं नव्हतं. तिच्यासाठी ते लुगडं एक धुतलेलं कापड होतं, जसं ते माझ्याही नाकाला लागलं होतं. आम्ही दोघींनी त्यात आपापल्या आईला शोधलं आणि दोघींनाही ती सापडली नाही. पण लेकीची आई संध्याकाळी घरी येत होती, आणि तिची साडी खुंटीवर होती.

अप्पा उठले, आत जाऊन स्टुलावर चढले. गाठ त्यांनी फार घट्ट मारलेली होती. दातांनी सोडवावी लागली. लुगडं खाली आलं तेव्हा या टोकाला मी होते, त्या टोकाला ते. या वेळी घडी नीट झाली. टोकाला टोक मिळालं.

"दे तुझी साडी," ते म्हणाले. "धुतलेली नगं."

मी कालची साडी दिली. तिला शाईचा, गाडीच्या धुळीचा आणि दुधाचा वास होता. मला ती द्यायला लाजच वाटली.

सोमवारी मी प्राचार्यांकडे गेले नाही. दुपारी घरी पोचले तर अंगणात आवाज नव्हता. आत लेक झोळीत झोपली होती आणि अप्पा दोरी हातात धरून बसल्या बसल्या पेंगत होते. वाटी पालथी घातलेली होती. संध्याकाळी आत्याचा फोन आला.

"लुगडं काढलं का?"

"काढलं."

"पिलं का?"

"पिलं."

"बघा. मी म्हणलं न्हवतं?"

अप्पांनी माझ्याकडे बघून डोळा मिचकावला. "तुझंच खरं हाय, बाई," ते म्हणाले. आत्या त्या दिवशी फोनवर खूप वेळ खूष होती. आम्ही तिला खरं कारण अजून सांगितलेलं नाही.

त्यानंतर रोज रात्री मी कामावरची साडी खुंटीला अडकवायचे आणि सकाळी मी निघताना अप्पा ती कडीला बांधायचे. सगळे दिवस सोपे गेले असं नाही. दात येताना ती पुन्हा प्यायची बंद झाली. तिला ताप आला तेव्हा मी घरीच राहिले. पण नोकरी टिकली. पुढच्या वर्षीची नेमणूकही झाली. संध्याकाळी फोन करून आज कुणी काय नेलं विचारणारं कुणी नाही. एकदा जेवताना अप्पांनी विचारलं, "आज गर्दी व्हती का तुझ्याकडं?" आणि मी त्यांना दोन पुस्तकांची नावं सांगितली. ते "बरं" म्हणाले. त्यानंतर ते अधूनमधून विचारतात.

आता लेक चालते. थांब्यांची नावं म्हणते, नेकनूरला नेनूर म्हणते, आणि धर्मापुरी आलं की टिंग टिंग करायला विसरत नाही. झोळी सुटली, कडी आढ्याला तशीच आहे. आईचं लुगडं अप्पा थंडीत रात्री अंगावर घेतात. मी सकाळी बीडला कामावर जाते आणि लेक दिवसभर अप्पांजवळ असते.