नौपाड्यातला फ्रेंच रविवार

नव्वद सालाच्या मागेपुढे मी दर रविवारी खडवली गावाहून ठाण्याच्या नौपाड्यात यायचो, फ्रेंच तत्त्वज्ञान शिकायला. हसू नका. एका डॉक्टरांच्या दवाखान्यावरच्या हॉलमध्ये आमच्या कॉलेजचे समाजशास्त्राचे सर अभ्यासमंडळ चालवायचे. पंधरा-वीस माणसं, सतरंज्या आणि मधोमध झेरॉक्सचे गठ्ठे. फ्रान्समधलं सगळं इंग्रजीतून आलेलं, तिथून सरांच्या तोंडून मराठीत.

मला ते जाम आवडलेलं. एक विचारवंत म्हणायचा, ज्ञान आणि सत्ता एकाच पाटावर बसतात. वेडा कोण नि शहाणा कोण, हे ज्याच्या हातात वही तो ठरवतो. दुसरा म्हणायचा, चांगलं बोलणं, चांगली आवड हे वरून पडत नाही, घरातून मिळतं, दागिन्यांसारखं. शाळा त्या दागिन्यांना मार्क देते आणि त्याला हुशारी म्हणते. वाचून मी चक्रावलेलो. च्यायला, माणूस पॅरिसात बसून आमची खडवलीची शाळा लिहितोय.

मंडळात माझं खरं काम म्हणजे चहानंतर नकला. एसटीचा कंडक्टर, बाजारातली मासेवाली, आमच्या गावचा सरपंच. सरांचीपण करायचो, चष्मा पुसत, प्रत्येक वाक्य तीनदा ताणत. सगळ्यात जास्त सरच हसायचे. आपलीच माणसं मी बिस्किटासारखी चहाबरोबर वाटतोय, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

त्या वर्षी एका ज्युनिअर कॉलेजात तासांवर शिकवायची जागा निघाली. सरांच्या शब्दाला तिथे वजन होतं. एमए होऊन मी दोन वर्षं घरी बसलेलो. वडील एसटीच्या खोपट डेपोत मेकॅनिक. ते काही विचारायचे नाहीत, आणि तेच जास्त लागायचं. सर म्हणाले, मंडळात एक निबंध वाच, मग बघू.

निबंध मी वडिलांवर लिहिला. गाडी आत आली की ते नुसता आवाज ऐकून सांगायचे, बेअरिंग गेलंय, खोला. मग डिप्लोमावाला साहेब यायचा, खोलून बघायचा आणि वहीत लिहायचा. वहीत लिहिल्यावर ते ज्ञान. त्याआधी म्हाताऱ्याचा अंदाज. फ्रेंच माणूस सांगतो ते आमच्या डेपोत रोज होतं, असा माझा मुद्दा.

मी माझ्या घरच्या, खडवलीच्या बोलण्यात वाचायला लागलो. दुसऱ्याच वाक्याला लोक हसले. वडिलांचं वाक्य आलं तसे आणखी हसले. कुणी म्हणालं, हुबेहूब. नक्कल नव्हती हो ती! तो मी होतो. पुढे बसलेल्या एक बाई, निवृत्त मुख्याध्यापिका, डोळे पुसत म्हणाल्या, "गोड करतोस रे. चल, आता नीट वाच."

डोकं असं सटकलं. कागद भिरकावून निघावं वाटलं. पण तिकडे घरी वडील आणि इथे सरांच्या हातात ती जागा. मी माझा चष्मा काढला, पुसला आणि सरांच्या आवाजात पहिल्यापासून सुरू केलं. या वेळी काही ताणलं नाही. तोच डेपो, तेच बेअरिंग, फक्त 'म्हाताऱ्याचा अंदाज'च्या जागी 'अनुभवसिद्ध आकलन'. कुणी हसलं नाही. बाईंनी वही काढली.

संपल्यावर सर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बघ, ही तुझी खरी भाषा. इतके दिवस कुठे लपवली होतीस?"

त्यांना स्वतःचा आवाज ओळखू आला नाही. सत्तेवर वर्षभर बोललेला माणूस! सांगावंसं वाटलं, सर, हे तुम्हीच आहात. शब्द अगदी ओठांपर्यंत आलेले. मी म्हणालो, थँक्यू सर.

जागा मिळाली. मी कॉलेजात सरांच्या आवाजात शिकवायला लागलो. पोरं गप्प बसायची, त्यामुळे बरंही वाटायचं. महिन्याभराने ज्ञान कुणाकडे असतं असं विचारलं, तेव्हा कोळीवाड्यातली एक मुलगी उठली. तिच्या आजीला पाण्याचा रंग बघून कळतं खाडीत जाळं कधी टाकायचं; मग मच्छी खात्याचा माणूस येऊन तेच तिला कागदावरून शिकवतो. आपल्या घरच्या बोलीत बोलली, धडाधडा. माझ्या सगळ्या निबंधापेक्षा भारी. वर्ग हसला.

आणि माझ्या तोंडून गेलं, "छान. आता नीट सांग बघू."

ती खाली बसली. मी फळ्याकडे वळलो. काय लिहायचं तेच आठवेना. मंडळावर एवढे दिवस जपून ठेवलेला राग असा फिरून माझ्याच थोबाडावर आला.

दुसऱ्या दिवशी वर्गात गेल्या गेल्या मी माझ्या बोलण्यात, खडवलीच्या, तिला म्हणालो, "काल सांगत होतीस ना, तसंच सांग गं. कोण हसतंय ते मी बघतो."

ती उभी राहिली, बाकाकडे बघत.

"नको सर. मला नीट येत नाही."