कोंडाजीनं सत्कार ओढ्यापलीकडं नेला

कोंडाजी वाळुंज हा कुसगावकडच्या ओढ्यापलीकडल्या वाडीतला गडी. लोणावळ्याच्या एका सरकारी बांधकाम कचेरीत शिपाई. मी आणि तो एकाच शाळेत मुळाक्षरं गिरवलेले. मी चौथीतून शाळा सोडली, तो तिसरीतून, म्हणून जन्मभर तो मला शिकलेला माणूस समजत आला. मीही कधी त्याचा गैरसमज दूर केला नाही.

साहेबाला चहा द्यायचा आणि साहेब नसला की 'साहेब साइटवर गेलेत' म्हणून सांगायचं, ही शिपायाची दोन्ही कामं कोंडाजी निष्ठेनं करी. पण डोक्यात सदा एकच : ओढ्यावर साकव. उन्हाळ्यात त्या ओढ्यात म्हैस लोळायला पाणी पुरत नाही, पण आषाढ लागला की असा फुगतो की वाडीतली पोरं दसऱ्यापर्यंत शाळेचं तोंड पाहत नाहीत. त्याची नात भागू तिसरीत दुसऱ्यांदा बसली होती. कोंडाजी म्हणायचा, "आमी तिसरीतनं सुटलो, ही तितंच अडकणार का रं?"

साकवाचा अर्ज तो दर साली आपल्याच कचेरीत द्यायचा. आपणच तो साहेबांच्या टेबलावर ठेवायचा, आणि 'तरतूद नाही' असा शेरा पडला की आपणच घरी आणायचा. सरकारचा टपालखर्च तेवढा वाचायचा.

सत्तर सालच्या सुमारास खात्यानं मुंबईला अंदाजपत्रक करणारं यंत्र आणलं. कपाटाएवढं. भोकं पाडलेली कार्डं गिळायचं आणि कागदाच्या लडीच्या लडी ओकायचं. त्याला पैसे वाटायची रीत शिकवली ती रतनसाहेब नावाच्या सल्लागारांनी. माणूस भला, खंडाळ्याला बंगला. सबंध उन्हाळ्याचं काम यंत्रानं आठवड्यात उरकलं. ते बरोबर आहे का हे तपासण्यात मग सबंध उन्हाळा गेला, ती गोष्ट वेगळी. वरून हुकूम आला : या थोर कार्याबद्दल रतनसाहेबांचा यथोचित सत्कार लोणावळा कचेरीनं करावा, कारण बंगला तिच्या हद्दीत. आणि शेवटी बारीक ओळ : नव्या पद्धतीत सत्कारासाठी तरतूद नाही.

डेप्युटी साहेबांनी हेडक्लार्क भिकाजीरावांना बोलावलं.

"भिकाजीराव, शाल कुठल्या खर्चात घालायची?"

"डांबरात घालू, साहेब."

"आणि नारळ?"

"नारळ डांबरात दिसेल."

कोंडाजी चहा ठेवत होता. म्हणाला, "साहेब, आमच्या वाडीत करा की. शाल, नारळ, फेटा, समदं वाडीचं. जेवायबी घालू."

साहेबांच्या जिवात जीव आला. तारीख कळवून झाली आणि मग कुणाच्या तरी लक्षात आलं की वाडी ओढ्यापलीकडं. दिवस कार्तिकाचे, ओढ्याला अजून पोटरीभर पाणी, आणि रतनसाहेबांची मोटार पोटानं जमीन पुसत चालणारी. एवढ्या मोठ्या माणसाला विजार वर खोचा असं कोण सांगणार? रस्त्याची गँग आली, सिमेंटचे पाइप पडले, वर मुरूम, त्यावर रोलर. इतकी वर्षं न झालेली वाट एका मोटारीसाठी चार दिवसांत झाली.

सत्काराला मी पुढंच बसलो होतो. शेजारी विठाबाई म्हातारी. ती कोंडाजीला विचारते, "ह्येंनी केलंय तरी काय रं?"

"सरकारनं पैसं कुटं घालायचं, ते यंत्राला शिकवलंय, मावशे."

"आन् सरकारला कोन शिकिवनार?"

फेटा बांधून झाल्यावर रतनसाहेब बोलायला उठले. सोपं करून सांगत होते बिचारे. म्हणाले, "यंत्र मागच्या वर्षी कुठं किती खर्च झाला ते बघतं, आणि त्यात थोडी वाढ करून पुढच्या वर्षी देतं."

कोंडाजी पाण्याचा तांब्या घेऊन उभा होता. "आन् साहेब, मागल्या वर्सी कायबी खर्च न्हाई झाला तर?"

"तर या वर्षीही काही नाही."

"आन् म्होरल्या?"

"पुढच्याही नाही. पद्धत अगदी निर्दोष आहे."

टाळ्या पडल्या. कोंडाजीनंही तांब्या खाली ठेवून टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी पाइप-मुरमाचा खर्च कुठं दाखवायचा, यावर भिकाजीराव घाम पुसत बसले. 'नवीन काम' म्हणावं तर पुण्याची मंजुरी हवी. कोंडाजी म्हणाला, "दुरुस्ती म्हना की, रावसाहेब. दुरुस्तीला कोन इचारतंय?" झालं. 'ओढ्यावरील साकव, दुरुस्ती' असं कार्ड गेलं. दुरुस्तीला एक जागा मिळाल्यावर डेप्युटी साहेबांनी सत्काराच्या रात्री डाकबंगल्यावर दिलेली मेजवानीही तिथंच गेली. मोटारींचं पेट्रोल गेलं. खुर्च्यांचं भाडं गेलं. दुरुस्ती चांगली गुटगुटीत झाली. कोंडाजीनं हे सगळं आधीच योजलं होतं असं वाडीतले म्हणतात. तो शपथेवर सांगायचा, "मी फकस्त चहा दिला."

पुढच्या आषाढात मुरूम आणि पाइप वाहून गेले. भागू पुन्हा घरी बसली. पण यंत्र कुठं ओढा बघायला आलं होतं? त्यानं मागचा खर्च बघितला, वाढ केली आणि रक्कम पाठवली : साकव दुरुस्तीसाठी.

डेप्युटी साहेब हादरले. "कोंडाजी, तिथं साकव आहे कुठं?"

"न्हाई ना, साहेब."

"मग दुरुस्ती कशाची करायची?"

"पैसं परत पाठवा."

परत? खर्च न झालेला पैसा परत गेला की पुढल्या साली यंत्र कात्री लावणार. आणि कुणी विचारलंच की गेल्या साली काय दुरुस्त केलंत, तर काय, मेजवानी दाखवायची? साहेबांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "दुरुस्त होईल असा एक साकव बांधून घ्या."

मे महिन्यात दगडी खांबांवर पक्का साकव उभा राहिला. सरकारदरबारी तो कधी बांधलाच गेला नाही. नुसता दुरुस्त झाला. वरून शाबासकी आली आणि यंत्राचा अंदाज किती अचूक होता म्हणून रतनसाहेबांना मुंबईत आणखी एक शाल मिळाली.

त्या आषाढात ओढा गढूळ होऊन घुमत होता आणि भागू डोईवर इरलं घेऊन रोज त्याच्या डोक्यावरून शाळेला जात होती. मी कोंडाजीच्या ओसरीवर बसलो होतो, तेव्हा ती दप्तर आपटत आली.

"आबा, ह्यो साकव तुमीच आणला व्हय?"

"का गं?"

"पूर आला तरी शाळा बुडत न्हाई. आन् मास्तर रोज पाढं इचारत्यात."

कोंडाजीनं तोंडातली सुपारी दुसऱ्या गालात सरकवली. "तक्रार रतनसायबाकडं कर," तो म्हणाला, "आन् आदी मला सतराचा पाढा म्हनून दाखव."