सिग्नलला बंद होणारी गाडी

नवीन गाडी पहिल्यांदा सिग्नलला आपोआप बंद झाली, तेव्हा मी शोरूमला फोन करून भांडले. पलीकडच्या मुलीने शांतपणे सांगितलं, "मॅडम, ते फीचर आहे. पेट्रोल वाचतं. क्लच दाबला की परत सुरू होईल." म्हणजे पेट्रोल वाचवायच्या नावाखाली कंपनीने माझ्या गाडीत बाबांनाच आणून बसवलं होतं. बाबा हयातभर प्रत्येक सिग्नलला स्कूटर बंद करायचे आणि आरामात इकडेतिकडे बघत बसायचे. दिव्यावर लक्ष ठेवायचं काम मागे बसलेल्या आईचं. हिरवा झाला की ती त्यांच्या खांद्यावर थोपटायची, "अहो, सुटला." मग बाबा किक मारायचे.

ते फीचर मी बटण दाबून बंदच ठेवणार होते. पण बाबा गेल्यापासून आईचा विसराळूपणा वाढत गेला होता आणि बोलणं जवळजवळ थांबलं होतं. वाघोलीहून शहरात डॉक्टरांकडे नेताना ती मागच्या सीटवर नुसती बसून असायची. एकदा नगर रस्त्यावर इंजिन बंद झालं, गाडीत शांतता झाली, आणि माझ्या खांद्यावर हात पडला.

"अहो, सुटला."

मला आधी रागच आला. मी तिची मुलगी, आणि तिला दिसत होते बाबा! पण तिच्या तोंडून दुसरं काही निघतच नव्हतं. मग सिग्नल लाल मिळावा म्हणून मी गाडी हळू चालवायला लागले. पुण्यात हे करणारी मी एकटीच असेन.

उन्हाळ्यात गाडी सिग्नलला बंद व्हायची थांबली. गॅरेजवाले म्हणाले, "बॅटरी कमजोर झालीये. परत स्टार्ट करायचा जोर नसला, तर गाडी इंजिन बंदच करत नाही. बरंय की, कटकट गेली." साधी बॅटरी चालणार नव्हती, वेगळी मागवावी लागणार होती. तोवर मी स्वतःच इंजिन बंद करून पाहिलं. पण तसं केलं की डॅशबोर्ड टिंगटिंग करायचा आणि आई दचकून दाराचं हँडल धरायची. बोलायची मात्र नाही.

नवी बॅटरी बसली, तशी मी आईला गाडीत बसवलं. त्या दिवशी डॉक्टरांकडे जायचंही नव्हतं. पहिल्याच सिग्नलला इंजिन बंद झालं. मी मागे रेलून, खांदा सीटच्या कडेला आणून थांबले. दिवा हिरवा झाला. मागून हॉर्न सुरू झाले. एक स्कूटरवाला काचेवर थाप मारून, "झोप लागली का?" असं विचारून गेला. मी क्लच दाबला नाही.

"अहो, सुटला," शेवटी मीच म्हणाले.

आरशातून आईने माझ्याकडे पाहिलं, पदर सावरला आणि अनोळखी माणसाशी बोलावं तशा अदबीने म्हणाली, "आपल्याला उशीर होत असेल. मला इथेच सोडलंत तरी चालेल."