खळदकरांच्या समोरचे राव

रत्नाकर खळदकरांना रक्तदाब नव्हता, साखर नव्हती, पित्तही नव्हतं. त्यांना राव होते.

हे राव रस्त्यापलीकडे बसून त्रास द्यायचे. म्हणजे करायचे काहीच नाहीत, नुसते आपल्या दुकानात स्टुलावर बसलेले असायचे. पण सकाळी शटर वर करताना ते स्टूल दिसलं, की खळदकरांच्या घशाशी जे काही यायचं ते संध्याकाळपर्यंत खाली उतरायचं नाही.

चेन्नईच्या अंबत्तूर भागात, आमच्या गल्लीच्या तोंडाशी, ही दोन दुकानं समोरासमोर होती आणि दोन्हींचा धंदा एकच : मिक्सर-ग्राइंडर दुरुस्ती. इथला ग्राइंडर ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी डोळ्यांसमोर एक ठेंगणं, जाडजूड यंत्र आणावं. खाली मोटार, वर फिरणारं भांडं, भांड्यात दगड. इडली-डोशाचं पीठ त्यात वाटलं जातं. तो बंद पडला, की घरात सुतक आल्यासारखी शांतता पसरते.

खळदकर मूळचे मिरजेचे. अंबत्तूरच्या औद्योगिक वसाहतीत पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात ते तपासणी विभागाचे सुपरवायझर होते. दुसऱ्यांनी केलेल्या कामात दोष काढायचा आणि त्याबद्दल पगार घ्यायचा, अशी ती सुखाची नोकरी. दोन हजार तीनच्या अखेरीला कारखान्याला कुलूप लागलं. पंचेचाळिशी उलटलेल्या माणसाला कोणी दारात उभं करेना. तेव्हा खळदकर पत्नीला, अलकनंदाबाईंना म्हणाले, "मोटार ती मोटार. पंपाची काय नि ग्राइंडरची काय!" आणि त्यांनी आमच्या गल्लीत खाली गाळा नि वर राहायची जागा, असं दोन्ही एकदम भाड्याने घेतलं. गाळा बघायला ते रविवारी गेले होते, आणि रविवारी रावांचं दुकान बंद असतं. दोष काढण्यात हयात घालवलेल्या या माणसाने समोरच्या तमिळ पाटीवर काय लिहिलंय तेवढं कोणाला विचारलं नाही.

सोमवारी राव दिसले. गोल पोट, कपाळावर गंध, कानामागे पेन्सिल. खळदकर शेजारी उभ्या पत्नीला मराठीत खुशाल मोठ्याने म्हणाले, "हा मेकॅनिक? याचं पोट बघ, हात ग्राइंडरच्या जवळ तरी पोहोचत असेल का?"

पलीकडून उत्तर आलं, "पोट वडिलांकडून आलं जी. हात मात्र माझा स्वतःचा. बसा, कापी घ्या."

बाळकृष्ण राव तंजावरच्या मराठी घराण्यातले निघाले. शेकडो वर्षांपूर्वी पूर्वज इकडे आले, ते मराठी घेऊन राहिले; कॉफीची तेवढी कापी झाली. आता ज्याचा मनसोक्त मत्सर करायचा, त्याला आपल्या भाषेत शिव्याही देता येऊ नयेत, यापरता अन्याय कुठला? त्या दिवसापासून खळदकर रावांना मनातल्या मनात बोलू लागले, आणि मनात बोललेलं बाहेर पडत नाही, आतच आंबतं.

बरं, खळदकरांचं काम वाईट होतं असं नाही. उत्तम होतं. पण कारखान्याची सवय जात नव्हती. एखादी बाई बंद पडलेला ग्राइंडर घेऊन आली, की हे तो उघडून गंभीरपणे विचारायचे, "हे कोणी केलं?" बाई गोंधळायची. "म्हणजे?" "मोटारीवर जास्त भार टाकलाय. कोणाची जबाबदारी?" बाई म्हणायची, पीठ सासूबाई वाटतात. "त्यांना बोलवा." एकदा खरोखर सासूबाई आल्या, आणि पुढचा तासभर त्यांनी खळदकरांची जी चौकशी केली, तिच्यात मिरजेपर्यंतच्या सगळ्या पिढ्या येऊन गेल्या.

रावांकडे असं काही नसायचं. राव ग्राइंडर उघडायच्या आधी विचारायचे, इडली मऊ होते का? नातू चालायला लागला का? आणि मोटार चार दिवस तशीच पडली तरी बायका तक्रार करायच्या नाहीत. गप्पा मारायला रोज यायच्या. इकडे खळदकर तासाभरात दुरुस्त करून द्यायचे आणि रिकाम्या दुकानातून रावांकडची गर्दी मोजत बसायचे.

त्या गर्दीत एक चेहरा त्यांना फार टोचायचा. हेमावती अम्मा. अम्मांच्या घरामागे चार मोठे ग्राइंडर दिवसभर घरघरायचे आणि निम्म्या अंबत्तूरच्या दुकानांत त्यांच्या पिठाच्या पिशव्या जायच्या. ते काम ज्या मेकॅनिककडे, त्याला वर्षभर चिंता नाही. ते अर्थातच रावांकडे होतं.

दुकान असंच चालत राहिलं, म्हणजे न चालत राहिलं, तर काय करायचं तेही ठरलेलं होतं. अलकनंदाबाईंचे भाऊ देवेश यांचं मिरजेत फरशीचं मोठं दुकान. ते फोनवर म्हणाले होते, "दाजी, दसऱ्यापर्यंत बघा. नाहीतर या इकडे, गल्ल्यावर बसा." मेहुण्याच्या गल्ल्यावर बसायचं! खळदकरांना त्यापेक्षा ग्राइंडरमध्ये बसणं बरं वाटलं असतं. पण मुलगी ऊर्मी बारावीत, भाडं दरमहा दारात. अलकनंदाबाईंनी मान डोलावली होती. दसऱ्यापर्यंत.

नवरात्र लागलं आणि खळदकरांना एकदम तेज चढलं.

"अलका, नवमीला या गावात आयुधपूजा. सगळे मेकॅनिक हत्यारं पूजेला मांडणार, स्क्रू ड्रायव्हरला हात लावणार नाहीत. रावसुद्धा! आणि आपल्या घरची पूजा कधी? दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला. म्हणजे नवमीला अख्ख्या अंबत्तूरमध्ये उघडं दुकान एकच."

"नि दसऱ्याला आपण बंद," अलकनंदाबाई म्हणाल्या.

"दसऱ्याचं दसऱ्याला! तोवर हेमावती अम्मा माझ्या खिशात."

ऊर्मीकडून त्यांनी तमिळमध्ये पाटी लिहून घेतली : आयुधपूजेलाही दुकान उघडं. पाटी रावांना नीट दिसेल अशा कोनात लावली.

नवमीला खळदकर इस्त्रीचा शर्ट घालून सकाळपासून बसले. रस्त्यावरून माळ घातलेल्या रिक्षा गेल्या, लिंबं चिरडत नव्या स्कूटर गेल्या. दुकानात कोणी आलं नाही. दुपार व्हायला आली तेव्हा ऊर्मी जेवायला बोलवायला खाली उतरली.

"अप्पा, आज कोण येणार?"

"का? आज कोणाचे ग्राइंडर बिघडणार नाहीत?"

"आज ग्राइंडर कोणी लावतच नाही. त्याचीपण पूजा असते. धुऊन, चंदन-कुंकू लावून ठेवतात. तुम्हाला तेरियाद? माहीत नाही?"

खळदकरांना खरंच माहीत नव्हतं. नोकरीत असताना ते दर दसऱ्याला रजा काढून मिरजेला जायचे. इतकी वर्षं या शहरात काढून त्यांनी इथली नवमी पाहिलीच नव्हती. उठून ते शेजाऱ्यांच्या, म्हणजे आमच्याच दारात आले आणि आत डोकावले. आमचा ग्राइंडर गळ्यात झेंडूची माळ घालून, कपाळाला कुंकू लावून, नवरदेवासारखा बसला होता. खळदकरांनी त्याच्याकडे जे पाहिलं ते मी आजही विसरलो नाही. एखाद्या यंत्राचा इतका हेवा करताना मी माणूस पाहिला नव्हता.

परत आले तर दारात राव. कमरेला लुंगीसारखी गुंडाळलेली जरीकाठी वेष्टी, हातात चुरमुऱ्यांचा प्रसाद.

"खळदकर, आज दुकान उघडं? मोठं काम आलंय कां जी?"

"हो," खळदकर म्हणाले. "फार मोठं."

रावांनी सुस्कारा सोडला. "तुमचं बरंय जी. पूजेच्या दिवशीही लोक सोडत नाहीत."

त्या सुस्काऱ्यावर खळदकरांनी अर्धा तास काढला. तेवढीच त्या दिवसाची कमाई.

दुसऱ्या दिवशी दसरा. अलकनंदाबाईंनी पाटावर पान्हे, पकडी, मल्टीमीटर सगळं मांडून त्यावर झेंडू वाहिला. नमस्कार करून खळदकर गॅलरीत आले. आणि तिथेच थिजले.

रावांच्या दारात ग्राइंडरची रांग लागली होती. रिक्षातून, सायकलच्या कॅरिअरवर, कडेवर. आदल्या दिवशी सगळ्या अंबत्तूरने आपापले ग्राइंडर भक्तिभावाने धुतले होते, वरून, खालून, मोटारीसकट. आज विजयादशमीचा मुहूर्त साधून बटण दाबलं, आणि भक्तीचं पाणी जिथे जायचं तिथे गेलेलं होतं.

"अलका, पक्कड दे."

"पूजेतली?"

"एकच पक्कड!"

"दसऱ्याला हत्यार उचलायचं नसतं. संध्याकाळी घ्या."

"संध्याकाळपर्यंत राव नवा बंगला बांधतील गं!"

अलकनंदाबाई पाटासमोर मांडी घालून बसल्या, म्हणजे विषय संपला. खळदकर गॅलरीचे गज धरून उभे राहिले. प्राणिसंग्रहालयात उपाशी वाघ उभा राहतो ना, तसे. फक्त या वाघाला समोर दुसरा वाघ जेवताना दिसत होता.

मग जिन्यावर धापा टाकण्याचा आवाज आला. पोट आधी आलं, राव नंतर.

"खळदकर, हेमावती अम्मांचे चारही ग्राइंडर बसलेत. भिजवलेले तांदूळ तसेच आहेत, पीठ नाही. माझ्या दारात ही जत्रा. तुम्ही जा."

"माझी हत्यारं पूजेत आहेत."

"माझी घ्या." रावांनी कॅनव्हासची पिशवी पुढे केली. तिच्यावर कालचं चंदन अजून ओलसर होतं.

खळदकरांच्या चेहऱ्यावर जे चाललं होतं ते फार दुःखाचं होतं. एकीकडे मेहुण्याचा गल्ला. दुसरीकडे रावांची पिशवी खांद्याला लावून, रावांच्या कामावर, रावांचा माणूस म्हणून जायचं. हत्यारं परकी असल्यामुळे अलकनंदाबाईंना नियमात काही सापडेना.

दुसऱ्याचं ओलं झालेलं बाळ घ्यावं तशी खळदकरांनी ती पिशवी घेतली.

अम्मांच्या मागच्या खोलीत चार ग्राइंडर गप्प उभे होते. खळदकरांनी पहिला उघडला, पाणी पाहिलं, आणि जिभेच्या टोकाशी प्रश्न आला : हे कोणी धुतलं? त्यांनी वर पाहिलं. हेमावती अम्मा कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. त्यांनीच धुतलं होतं, हे चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. खळदकरांनी प्रश्न गिळला आणि मोडक्या तमिळमध्ये विचारलं, "घरात केस वाळवायचं यंत्र आहे का?"

सुनेचा हेअर ड्रायर आला. मग दुपारभर खळदकर मोटारींचे केस वाळवत बसले. आणि वाळवता वाळवता जळत राहिले, कारण रावांनी पूर्वी केलेलं काम आत दिसत होतं. वायंडिंग नीट, बांधणी घट्ट, वायर जागच्या जागी. आयुष्यभर दोष काढून जेवलेल्या माणसाला एक दोष मिळेना! पहिल्यात नाही, दुसऱ्यात नाही, तिसऱ्यात नाही. चौथा उघडला आणि खळदकर ओरडलेच, "वॉशर नाही!"

अम्मा घाबरल्या. खळदकरांचा चेहरा मात्र लग्न ठरल्यासारखा फुलला. त्यांनी पिशवीतून वॉशर काढून बसवला, बटण दाबलं. चारही ग्राइंडर घरघरू लागले.

"हात चांगला आहे," अम्मा तमिळमध्ये म्हणाल्या. "राव सरांना सांग, दर वेळी तुलाच पाठवायचं."

"मी त्यांचा माणूस नाही. त्यांच्या समोर माझं स्वतःचं दुकान आहे."

"समोर दुकान आहे?" अम्मांना खरंच आश्चर्य वाटलं. मग त्या हिशेबी डोळ्यांनी बघत म्हणाल्या, "असं का! मग दोन त्यांच्याकडे, दोन तुझ्याकडे. कोण हाक मारल्यावर आधी येतो, बघू."

खळदकर परतले ते चालत नव्हे, उडत. रांग अजून होतीच. तिच्यासमोर त्यांनी पिशवी ठेवली आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "राव, चौथ्यात वॉशर नव्हता!"

रावांनी कपाळाला हात लावला. "सुटला जी माझ्याकडून."

"आणि दोन ग्राइंडर आजपासून माझ्याकडे. अम्मांनी दिले."

रावांचा हात कापीच्या पेल्यावर तसाच थांबला. "दोन?" ते म्हणाले. "कुठले दोन?" त्या आवाजात जे होतं ते खळदकरांनी लगेच ओळखलं. घरचंच होतं ते.

दिवेलागणीला मिरजेहून फोन आला. "दाजी, दसऱ्याच्या शुभेच्छा! मग कधी निघताय?"

खळदकर फोन घेऊन गॅलरीत आले. खाली राव दिव्याखाली मोटारी वाळवत होते, कानामागे पेन्सिल, शेजारी कोणाचा तरी हेअर ड्रायर.

"नाही जमायचं, देवेशराव," खळदकर म्हणाले. "मी इथून हललो, तर हा माणूस माझे दोन्ही ग्राइंडर घेऊन टाकेल."

फोन ठेवून ते आत वळले. "अलका, राव सकाळी दुकान किती वाजता उघडतात गं?"

"तुम्हालाच माहीत. रोज तुम्हीच तर बघता."

"आठ," खळदकर म्हणाले. "मग आपण पावणेआठ."