बापाची लेक असल्याचा पुरावा

"पाय बरं भाऊ, याच्यात मी कुठी हाय?"

कागद कोणताही असो, मावशी तो माझ्या टेबलावर पसरायची, वर बोट ठेवायची आणि हेच विचारायची. वाचता येत नव्हतं, पण कागदात आपण नाही हे तिला माझ्या तोंडाकडे पाहूनच कळायचं.

रिसोडच्या तहसिलीसमोर मी अर्ज आणि प्रतिज्ञापत्रं लिहून देतो. मावशी नात्यातली नव्हे, गिऱ्हाईक; तिचं माहेर याच तालुक्यातलं, सासर मेडशीचं. बापाच्या वावरात तिला हिस्सा हवा होता. भाऊ म्हणाला, आधी तू बापाची लेक आहेस याचा पुरावा आण. घ्या! दर राखीपौर्णिमेला हात पुढे करणारा भाऊ हा.

"त्याले कडेवर घेऊन घेऊन मायी कंबर वाकडी झाली," मावशी म्हणायची, "अन् तो मलेच पुरावा मांगून राह्यला!" आम्ही टेबलवाले हसायचो. तीही हसायची आणि पुढच्या अर्जावर अंगठा उमटवायची.

शाळेत गेली नव्हती, म्हणजे दाखला नाही. लग्नात सासरच्यांनी नावच बदललं, त्यामुळे रेशनकार्डावरची बाई वेगळीच. कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यूच्या वहीत, बापाच्या नावापुढे एवढंच सापडलं: मुलगी झाली. नाव नाही. भाऊ म्हणाला, ती नोंद तान्हेपणी वारलेल्या बहिणीची. मावशी भडकली. "मेली ते मेली. मी जिती हाय तं दिसत नाई काय त्याले?"

मग बाप वारल्यावर भावाने दिलेल्या वंशावळीची नक्कल मिळाली. वर बाप, खाली एकटा भाऊ. आणि तळाशी लिहिणाऱ्याची सही माझी.

तेव्हा मी पोरींचं विचारतच नसे. मुलगे किती, एवढं विचारायचो आणि लिहून मोकळा व्हायचो.

"कोनं लिवलं हे?" मावशीने विचारलं.

"सही वाचता येत नाही मावशी," मी म्हणालो. हरामखोरपणा होता तो, दुसरा शब्द नाही. न विचारता लिहिलं, एवढं प्रतिज्ञापत्रावर मी कबूल करायला हवं होतं. माझं टेबल उठलं असतं, म्हणून नाही केलं.

"लिवनाऱ्यानं इचारलं असतं," ती म्हणाली, "तं भावानं खोटं सांगतलं नसतं. तवा तो चांगला होता."

त्यानंतरही दोन वर्षं ती एसटीने येत राहिली. मग दिसेनाशी झाली.

परवा तिचा मुलगा आला. मावशी गेली होती, आणि तिच्या नावावरच्या घराला वारस लावायचा होता. "माय तुमचं लय नाव काढे," म्हणाला, म्हणून मेडशीहून मुद्दाम माझ्याकडे. मी वर तिचं नाव टाइप केलं, खाली त्याचं.

"बहिणी किती?"

"दोन हायत. पन त्याहिले कायले लिवता?"

"लिहावं लागतं. नावं सांग."

त्याने नावं सांगितली नाहीत. उठला आणि शेजारच्या टेबलावर जाऊन बसला. पाच मिनिटांत त्याचं काम झालं.